काळ्या पडद्यावरच्या रूथताई

'डुप्लिकेट काढून टाकले' असं कोणी माझ्यासमोर सहज म्हणालं की माझं डोकं फिरतं. परवा आमच्या सोसायटीच्या सभेत सेक्रेटरीने मोठ्या अभिमानाने सांगितलं की सभासदांची यादी त्याने क्लीन करून घेतली, सगळे डुप्लिकेट उडवले. मी उभा राहिलो आणि म्हटलं, कोण कोण उडवले ते वाचून दाखवा. नावं त्याच्याकडे नव्हती. जे उडवायचं ते आधी नजरेखालून घालायचं असतं, हे त्याला कधी कोणी शिकवलंच नव्हतं. मला शिकवलं होतं. रूथताई खारपाडकरांनी शिकवलं होतं, शेजारच्या खुर्चीवरून, सहा वर्षं. तरीही वेळ आली तेव्हा मी काय दिवे लावले ते पुढे येईलच.

आमचं ऑफिस जुन्या पनवेलमध्ये, दुसऱ्या मजल्यावर. खाली झेरॉक्सचं दुकान, समोर रसवंती. आमचा धंदा याद्यांचा. शाळांची रजिस्टरं, दवाखान्यांचे पेशंट, कळंबोलीच्या लोखंड बाजारातले गाळेधारक, कोणाचीही यादी कागदावरून कॉम्प्युटरवर चढवायची आणि नीटनेटकी करून द्यायची. मालकांना आम्ही केतन सर म्हणायचो. मी तिथे लागलो तेव्हा रूथताई पन्नाशी ओलांडलेल्या होत्या. ठेंगणा बांधा, कॉटनची साडी, पदर खोचलेला, चष्म्याला काळी दोरी. माझी ओळख करून दिल्यावर त्यांनी पहिला प्रश्न विचारला तो असा: "तांदूळ निवडता येतात का तुला?"

मला वाटलं बाई थट्टा करतायत. पण त्या गंभीर होत्या.

त्यांच्या टेबलावर माउस नव्हता. कंपनीने दिलेला माउस त्यांनी वायर गुंडाळून, रबरबँड लावून खणात ठेवला होता. हात कीबोर्डवरून उचलला की डोक्यातला धागा तुटतो, असं त्यांचं म्हणणं. आम्ही सगळे रंगीत चौकटींत, बटणांवर टिचक्या मारत काम करायचो. त्यांच्यासमोर मात्र नुसता काळा पडदा, त्यावर पांढरी अक्षरं आणि एक लुकलुकणारी खूण. एक ओळ टंकायची, एंटर दाबायचं, की खाली उत्तर. त्या ओळीत छोटे छोटे प्रोग्राम असत. एक फक्त हवा तो शब्द असलेल्या ओळी शोधणार. दुसरा फक्त ओळी क्रमाने लावणार. तिसरा फक्त मोजणार. एकाच्या हातातून निघालेलं दुसऱ्याच्या हातात, दुसऱ्याचं तिसऱ्याच्या, असं करत शेवटी जे हवं ते पडद्यावर. जगभर वापरात असलेले हे प्रोग्राम रूथताईंनी आमच्या कामाप्रमाणे एकत्र बांधले होते आणि त्यांना घरगुती नावं दिली होती. एकाचं नाव 'चाळ', एकाचं 'निवड', एकाचं 'जोडी'.

त्यातली 'जोडी' त्यांची सगळ्यात लाडकी. ती यादी क्रमाने लावायची आणि ज्या नोंदी शेजारीशेजारी सारख्या आल्या तेवढ्याच दाखवायची. दाखवायची फक्त. पुसत काही नव्हती. मी एकदा म्हटलं, ताई, एवढं शोधतेच तर तिलाच काढून टाकू दे की, आपलं काम वाचेल. त्यावर त्यांनी काम थांबवून माझ्याकडे खुर्ची फिरवली.

"आई तांदूळ निवडताना खडा कुठे ठेवते?"

"ताटाच्या कडेला."

"लगेच का नाही फेकत? कारण उजेडात धरल्यावर कधी कधी तो तांदूळच निघतो."

त्यांचा दुसरा नियम, मूळ फाइलला हात लावायचा नाही. आधी तिची प्रत काढायची, मूळ फाइल कुलूपबंद करायची, मग प्रतीवर काय हवं ते करा. "मूळ फाइल सोवळ्यातली," असं म्हणायच्या आणि स्वतःच हसायच्या, कारण त्या बेने इस्रायल, म्हणजे कोकणातल्या मराठी ज्यू. त्यांचे पणजोबा घाण्यावर तेल काढायचे. शनिवार हा त्यांचा विसाव्याचा दिवस, त्या दिवशी घाणा बंद, म्हणून गाव त्यांना शनवार तेली म्हणायचं. रूथताईही शनिवारी ऑफिसला येत नसत. नोकरीला लागतानाच त्यांनी ते सांगितलं होतं आणि त्याची भरपाई म्हणून रविवारी येऊन एकट्या काम करायच्या. ऑफिसची एक किल्ली कायम त्यांच्याकडे असायची. शुक्रवारी मात्र चारच्या ठोक्याला पर्स खांद्याला, कारण सूर्य मावळायच्या आत घरी दिवे लावायचे असत. सगळी भावंडं केव्हाच इस्रायलला गेली होती. भाऊ दर वर्षी बोलवायचा आणि या दर वर्षी सांगायच्या, पनवेलमध्ये माझं काम आहे.

काम होतंच, आणि ते त्यांच्याशिवाय कोणाला जमत नव्हतं. कळंबोलीच्या एका शाळेची जुनी रजिस्टरं कोणीतरी जुन्या मराठी फाँटात टंकून ठेवली होती. नव्या कॉम्प्युटरवर ती उघडली की नुसत्या खुणा आणि आकडे दिसायचे. कॉम्प्युटरचा सल्लागार म्हणाला, सगळं पुन्हा टाइप करा, इलाज नाही. रूथताईंनी दोन दिवस वहीत तक्ता मांडला, कोणती खूण म्हणजे कोणतं अक्षर, आणि तिसऱ्या दिवशी एंटर दाबलं. पडद्यावर मुलांची नावं मराठीत सरसर उतरायला लागली. मुख्याध्यापिका बघायला आल्या होत्या. त्यांना स्वतःच्या बहिणीचं नाव दिसलं आणि त्या पडद्यावर बोट ठेवून ते पुन्हा पुन्हा वाचू लागल्या.

आता केतन सरांनी याबद्दल काय करावं? बाईंचं कौतुक? छे. त्यांना त्या काळ्या पडद्याची लाज वाटायची. क्लायंट यायचा असला की म्हणायचे, रूथताई, तेवढं तुमचं ते जुनं काहीतरी झाका, इंप्रेशन खराब होतं. रूथताईंनी एकदा धबधब्याचं मोठं चित्र पडद्यावर लावलं आणि त्याच्या कोपऱ्यात तळहाताएवढी काळी खिडकी उघडून काम चालू ठेवलं. क्लायंट म्हणाला, छान आहे. धबधबा छान होता म्हणे. ज्याची यादी त्या खिडकीतून तासाभरात तयार होत होती, त्याला धबधबा आवडला. मी तेव्हा हसलो होतो. आज आठवलं की संताप येतो.

एका यादीत म्हाताऱ्या बायकांची नावं नव्हती. रकान्यात लिहिलेलं, अमक्याची आई, तमक्याची बायको. यादी घेऊन आलेला कारकून म्हणाला, नाव नाही तर नोंद अपुरी, काढून टाका. रूथताईंनी त्या सगळ्या ओळी वेगळ्या काढल्या आणि मला फोनवर बसवलं. दिवसभर मी लोकांच्या घरी फोन करून विचारत होतो, तुमच्या आईचं नाव काय. एका माणसाला सांगताच येईना. त्याने आत जाऊन विचारलं आणि परत येऊन सांगितलं, जनाबाई. रूथताईंनी ते स्वतः टंकलं.

मग ती तळोज्याची यादी आली. तिथल्या कारखान्यांच्या वासाबद्दल आणि पाण्याबद्दल आसपासच्या गावांनी इतकी वर्षं तक्रारी केल्या की शेवटी काही कारखानदारांनी मिळून खाडीकाठच्या एका गावासाठी मोफत तपासणी आणि औषधं द्यायचं ठरवलं. ज्याचं नाव यादीत त्याला कार्ड, कार्ड असेल त्याला तिथल्या दवाखान्यात औषध. फॉर्म गावात भरून घेतले होते आणि यादी करायचं काम आमच्याकडे आलं. अट एकच, कोणाचं नाव दोनदा नको. त्याच सुमारास केतन सरांनी एक नवं सॉफ्टवेअर घेतलं होतं. त्यात एक निळं बटण होतं, 'साफ करा'. नाव, गाव आणि जन्मतारीख जुळली की दुसरी नोंद गायब. गायब म्हणजे कुठे गेली तेही दिसत नसे.

रूथताईंनी आपली 'जोडी' चालवली. सतरा जोड्या निघाल्या. नाव तेच, बापाचं नाव तेच, आडनाव पाटील, गाव तेच, जन्मतारीख तीच. केतन सर म्हणाले, बघा, लोक कसे दोनदोन फॉर्म भरतात. रूथताई तारखांच्या रकान्यावर बोट ठेवून खाली खाली जात होत्या. सगळीकडे एक जून. त्या माझ्याकडे बघून म्हणाल्या, रविवारी मोकळा आहेस का.

आम्ही रविवारी गेलो. देवळाच्या कट्ट्यावर चारपाच माणसं बसली होती. रूथताईंनी कागद काढला आणि विचारलं, बाळाराम पदू पाटील कोण? दोन म्हाताऱ्यांनी हात वर केले. एक धडधाकट, पांढऱ्या टोपीचा. दुसरा बारीक, बोलताना मध्येच थांबून श्वास घेणारा. बोलला तो बारीकच.

"मी बी त्योच, न यो बी त्योच. याचा बापूस येगला, माजा येगला. दोगांची नावा पदू. आमाला एकाच दिशी शालंत घातला. मास्तरानं इचारला, जलम कवाचा? आयशीला म्हाईत नाय. मास्तरानं लिवला एक जून. याचा बी न माजा बी."

मग दम घेऊन त्याने विचारलं, "आता आमच्यातला कंचा खोटा धरताव तुमी?"

आमच्या पिढीला हे नवीन नव्हतं. माझ्या वडिलांचा वाढदिवसही कागदावर एक जूनच आहे. शाळा जूनमध्ये उघडायची, पोराची तारीख घरात कोणाला ठाऊक नसायची, मास्तर सहा वर्षं मागे मोजून एक जून लिहून मोकळा व्हायचा. अख्ख्या महाराष्ट्रात अशी माणसं आहेत. आणि त्या गावात निम्मे पाटील, आजोबांचं नाव नातवाला ठेवायची रीत, म्हणजे तीच दहाबारा नावं फिरून फिरून येणार. गावाला त्याची अडचण नव्हती. एक खाडीवरला बाळाराम, एक देवळाजवळचा बाळाराम. पण आमच्या फॉर्ममध्ये खाडीवरला लिहायला रकानाच नव्हता. रूथताई सतराही जोड्यांच्या घरी गेल्या. एकही माणूस दोनदा नव्हता. चौतीसच्या चौतीस माणसं जिवंत, आपापल्या दारात उभी. प्रत्येकाच्या नावापुढे त्यांनी पेनाने लिहून घेतलं, खाडीवरला, देवळाजवळचा, चिंचेखालची, वरल्या आळीतली.

सोमवारी त्यांनी तो कागद केतन सरांपुढे ठेवला. सर म्हणाले, बरं झालं गेलात, बघून घेऊ.

त्यांनी कसं बघून घेतलं ते सांगतो. यादी द्यायचा दिवस पुढच्या आठवड्यात होता, तो अलीकडे ओढून शनिवार केला. शनिवारी रूथताई नाहीत. अकरा वाजता सरांनी निळं बटण दाबलं, यादी छापली आणि माझ्यापुढे टाकली. शेवटच्या पानावर 'तपासले' असं लिहिलेलं होतं आणि खाली सहीसाठी रेघ. मी विचारलं, त्या जोड्यांचं काय? सर म्हणाले, अरे ते सॉफ्टवेअर आहे, त्याला आपल्यापेक्षा जास्त कळतं, क्लायंट खाली गाडीत बसलाय.

मी सही केली. मला सगळं ठाऊक होतं. मी त्या कट्ट्यावर बसून आलो होतो, त्या माणसाच्या घरचा चहा प्यायलो होतो, आणि तरी सही केली. कोणी माझा हात धरला नव्हता. सरांवर मला जेवढा राग आहे, त्याहून जास्त त्या सहीचा आहे, आणि तो ठेवायला माझ्याकडे जागा नाही.

महिन्याभराने खाडीवरले बाळाराम, कट्ट्यावरचे ते बारीक, आमच्या ऑफिसचे दोन जिने चढून आले. वर आल्यावर पाच मिनिटं त्यांना बोलता येईना. प्लास्टिकच्या पिशवीत फॉर्मची पावती होती. दवाखान्यातल्या मुलीने त्यांना सांगितलं होतं की तुमचं कार्ड दिलंय, तुम्ही सकाळीच औषध नेलंत, दुसऱ्यांदा का आलात. सकाळी देवळाजवळचे बाळाराम गेले होते. रांगेतल्या लोकांसमोर या माणसाला तिने परत पाठवलं.

"औशद नाय मिलला तरी चालंल," ते रूथताईंना म्हणाले, "पन मी खोटा नाय. तुमी आल्त्याव घरी. तुमी बघलाव मला."

रूथताईंनी त्यांना पाणी दिलं, आपल्या खुर्चीवर बसवलं, आणि स्वतः उभ्या राहून फाइली उघडल्या. शनिवारची यादी त्यांना दोन मिनिटांत सापडली. मग त्या माझ्याकडे वळल्या.

"सही तुझी आहे. वाचली होतीस यादी?"

"नाही."

"आधी किती नावं होती आणि नंतर किती राहिली, एवढं तरी मोजलंस?"

"नाही, ताई."

"मग काय तपासलंस?"

 मला वाटत होतं त्यांनी ओरडावं, चार लोकांत माझी लाज काढावी. त्यांनी पदर खोचला आणि कीबोर्डकडे वळल्या. मूळ फाइल कुलपात जशीच्या तशी होती. एका ओळीत मूळ यादी आणि साफ केलेली यादी समोरासमोर लावली, आणि गळालेली सतरा माणसं पडद्यावर एकाखाली एक आली. एवढंच होतं काम. ते निळं बटण दाबायच्या आधीही एवढंच होतं.

आणि वर काय झालं? दवाखान्याने चौकशी केली तेव्हा सरांनी एक पत्र पाठवलं. आमचा प्रिंटर सगळ्यांचा एकच, त्यामुळे ते पत्र रूथताईंच्याच हाती आलं. त्यात लिहिलं होतं की जुन्या पद्धतीने काम करणाऱ्या एका कर्मचाऱ्यामुळे काही नावं गळाली, आता कार्यालय पूर्णपणे आधुनिक सॉफ्टवेअरवर जात आहे. ज्या बाईने ती नावं वाचवायला रविवार घालवला, तिच्यावरच ती गाळल्याचा आरोप. मी केबिनमध्ये गेलो आणि म्हटलं, सर, हे खोटं आहे, सही माझी आहे. सर म्हणाले, तुला नोकरी नकोय का? मी बाहेर आलो. एवढाच माझा पराक्रम.

रूथताईंना महिनाअखेरीस नोकरी सोडायला सांगितलं. नवं सॉफ्टवेअर तुम्हाला झेपणार नाही, हे कारण. जी बाई खुणांमधून अक्षरं शोधून काढते तिला एक निळं बटण झेपणार नाही म्हणे. त्या भांडल्या नाहीत. त्यांनी फक्त अट घातली की सतरा जोड्यांची दुरुस्त यादी तयार होऊन सहीला आल्याशिवाय मी किल्ली देणार नाही. दवाखान्यातले डॉक्टर तयार होते, पण म्हणाले, ज्याने पहिली सही केली त्यानेच या यादीवरही करावी.

काही महिन्यांनी त्या भावाकडे निघून गेल्या. इतकी वर्षं ज्या बाईने पनवेल सोडलं नाही, तिला आम्ही सोडायला लावलं. जायच्या आधी भेटायला ये म्हणाल्या होत्या. मी गेलो नाही. तोंड कोणतं घेऊन जाणार होतो? त्यामुळे माझ्याजवळ त्यांचं शेवटचं दर्शन आहे ते ऑफिसातल्या त्यांच्या शेवटच्या दिवसाचं. तो शुक्रवार होता.

पावणेचारला त्यांनी खणातला माउस काढून टेबलावर ठेवला. रबरबँड तसाच होता. किल्ली त्यावर ठेवली. मग यादी माझ्यापुढे ठेवली. चौतीस नावं, क्रमाने लावलेली, प्रत्येकापुढे खाडीवरला, देवळाजवळचा असा नवा रकाना. मी पेन उघडलं.

"आधी वाच," त्या म्हणाल्या. "मोठ्याने."

मी वाचायला लागलो. दोन वेळा नाव, दोन वेळा बापाचं नाव, दोन वेळा एक जून, आणि मग घर. चार वाजले. त्यांची नजर घड्याळाकडे गेली, पण पर्स खांद्याला लावून त्या दारात उभ्याच राहिल्या. ऑफिसातले बाकीचे काम थांबवून ऐकत होते. मी ब पर्यंत आलो. बाळाराम पदू पाटील, देवळाजवळचा. बाळाराम पदू पाटील, खाडीवरला. रूथताईंनी मान हलवली. "पुढची पण वाच," म्हणाल्या, आणि जिना उतरायला लागल्या.

केबिनचं दार उघडून केतन सर बाहेर आले. एकच नाव दोनदा काय वाचतोयस, म्हणाले, आधीच उशीर झालाय.

"माणसं दोन आहेत, सर," मी म्हटलं.

ते काहीतरी बोलत होते. जिन्यात चपलांचा आवाज अजून येत होता. मी आवाज चढवला आणि पुढचं नाव वाचलं. मग तेच नाव पुन्हा वाचलं.